डेस्कटॉप असेंबल करायचाय? यादी घरी करा, मग दुकानात जा

असेंबल्ड कॉम्प्युटर घ्यायला निघालेले बरेच जण दुकानात जाऊन एकच वाक्य बोलतात: "साठ हजारांत एक चांगला पीसी बसवून द्या." एवढं बोललं की पुढचे सगळे निर्णय दुकानदाराच्या हातात जातात. तो फसवेलच असं नाही. पण शेल्फवर कोणता माल पडून आहे आणि कोणत्या ब्रँडवर महिनाअखेरची स्कीम आहे, त्यावर तुमची यादी ठरते. बजेटात बसवण्यासाठी काटछाट होते ती न दिसणाऱ्या जागी: एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग), मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड), एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क). कोटेशनवर प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड ठळक अक्षरांत, आणि खाली नुसतं "कॅबिनेट विथ एसएमपीएस".

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून सुटे भाग आणून घरी मशीन जोडायचं काम मी स्वतःसाठी केलं, नंतर भाच्या-पुतण्यांसाठी आणि ओळखीतल्यांसाठीही. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. जोडणं सोपं आहे, निवडणं अवघड आहे. आणि निवड घरी बसून, शांतपणे, कागदावर झाली पाहिजे. खालचा क्रम त्यासाठीच. तो मोडू नका, कारण प्रत्येक पायरीचा निर्णय आधीच्या पायरीवर उभा आहे.

१. काम लिहून काढा

"सगळंच करायचंय" हे उत्तर चालणार नाही. रोज जास्तीत जास्त तास मशीनवर काय चालणार, ते लिहा.

टॅली, एक्सेल, ऑनलाइन क्लास, ब्राउझिंग, डीटीपी: यासाठी वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स पुरतं. वाचलेले पैसे चांगल्या मॉनिटरवर घाला, डोळे दुवा देतील.

ऑटोकॅडचं टू-डी ड्रॉइंग: इथे प्रोसेसरमधल्या कोअरच्या (प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागांच्या) संख्येपेक्षा एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा. आर्किटेक्चरच्या मुलांना पुढे रेंडरिंग (थ्रीडी मॉडेलवरून चित्र बनवणं) करायचं असतं, त्यांच्यासाठी मात्र ग्राफिक कार्ड आलंच.

व्हिडिओ एडिटिंग: कॅमेरा कोणता, हे आधी पाहा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या अनेकांचं फुटेज आता १०-बिट, ४:२:२, एच.२६५ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या पण उलगडायला जड प्रकारात असतं. इंटेलच्या ११व्या-१२व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स हे फुटेज हार्डवेअरवर उलगडतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. त्याआधीचं महागडं कार्ड लावूनही टाइमलाइन अडखळते, आणि माणूस विनाकारण रॅम वाढवत बसतो.

गेमिंग: आधी मॉनिटर ठरवा. २४ इंची १०८०पी आणि २७ इंची १४४०पी (हे आकडे स्क्रीनवरच्या ठिपक्यांच्या ओळींचे) यांना लागणाऱ्या कार्डांत बराच फरक आहे. १०८०पी मॉनिटर ठेवून १४४०पीचं कार्ड घेणारे खूप दिसतात. तो पैसा वाया जातो.

२. बजेटमध्ये काय काय धरायचं

ठरवलेल्या रकमेत फक्त डबा, म्हणजे कॅबिनेट आणि आतले भाग, धरला की शेवटी पंचाईत होते. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, युपीएस, विंडोजचं लायसन्स आणि, गरज असेल तर, वायफाय: हे सगळं आधी बाजूला काढा. उरेल ते डब्याचं बजेट.

गेमिंग मशीन असेल तर डब्याच्या बजेटचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त ग्राफिक कार्डाला, साधारण पाचवा हिस्सा प्रोसेसरला, असं मी धरतो. ऑफिसच्या मशीनमध्ये हे गणित पूर्ण बदलतं. एक गोष्ट दोन्हीकडे सारखी: एसएमपीएसची रक्कम ठरली की तिला हात लावायचा नाही.

सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. भाव विचारताना प्रत्येक वेळी "जीएसटी धरून का?" असं विचारा. दोन दुकानांतला फरक कित्येकदा एवढाच असतो.

३. प्रोसेसर: नाव नको, पूर्ण मॉडेल नंबर हवा

"आय५ आहे, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, फक्त एवढ्यात." अशा जाहिरातींत पिढी लिहिलेली नसते. आय५-३४७० हाही आय५च आहे, आणि तो २०१२चा आहे. असे जुने प्रोसेसर एच६१ चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे बोर्डाच्या सोयी ठरवणारी चिप) अनोळखी ब्रँडच्या "नव्या" बोर्डावर बसवून, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये घालून गेमिंग पीसी म्हणून विकले जातात. इंटेलच्या ८व्या पिढीआधीच्या प्रोसेसरला विंडोज ११चा अधिकृत पाठिंबा नाही, आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरचे लोक मुलासाठी मोठ्या विश्वासाने अशी मशीन घेतात, म्हणून हे पहिल्यांदा सांगितलं.

मॉडेल नंबरच्या शेवटची अक्षरं वाचायला शिका. इंटेलमध्ये "एफ" असेल तर अंगभूत ग्राफिक्स नाही: आय५-१२४००एफ घेतला आणि ग्राफिक कार्ड घेतलं नाही, तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. "के" म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची सोय, आणि त्यासोबत कूलर येत नाही. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) उलटा हिशेब आहे. रायझन ५ ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जीमध्ये आहे. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटवरच्या रायझन ५ ७६००सारख्या प्रोसेसरमध्ये डिस्प्लेपुरतं ग्राफिक्स दिलेलं असतं. गेमिंगला ते उपयोगाचं नाही, पण उद्या कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं तर मशीन चालू राहतं. ही सोय मला फार मोलाची वाटते.

आता सॉकेट.

एएम५ हे २०२२ला आलं, त्यात फक्त डीडीआर५, म्हणजे डीडीआर४च्या पुढच्या पिढीची रॅम चालते. एएमडीने या सॉकेटला २०२७पर्यंत तरी पाठिंबा देण्याचं जाहीर केलेलं आहे. आधीच्या एएम४चा अनुभव चांगला होता: २०१७चा बोर्ड घेतलेल्या अनेकांनी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्यावर २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालवला.

इंटेलचं एलजीए १७०० म्हणजे १२वी, १३वी आणि १४वी पिढी. बोर्डाप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५. बजेट आवळलेलं असेल तर आजही कामाचं आहे, पण पुढे वर जायला जागा नाही. त्यानंतरचं एलजीए १८५१ हे कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी, तिथे फक्त डीडीआर५.

नवीन घेणाऱ्याने आणि पाच-सहा वर्षं वापरणाऱ्याने एएम५ घ्यावं, असं माझं मत आहे. घरात डीडीआर४ रॅम पडलेली असेल, तर मात्र एएम४ किंवा एलजीए १७००चा विचार जरूर करा.

सेकंडहँड घेताना सावधान: इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या ताकदवान प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होण्याचा दोष निघाला. इंटेलने २०२४मध्ये तो मान्य केला, मायक्रोकोडने (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटने) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच खराब झालेली चिप अपडेटने सुधारत नाही. ओएलएक्सवर स्वस्तात मिळणारा आय९ याच कारणाने स्वस्त असू शकतो.

४. मदरबोर्ड: चिपसेट आणि बायोस

बोर्डावर गरजेपेक्षा जास्त खर्च करू नका, पण सगळ्यात स्वस्तही घेऊ नका. इंटेलमध्ये एच६१० बोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि रॅम ओव्हरक्लॉक करता येत नाही. आय३ किंवा १२४००साठी ठीक, त्यापुढे बी७६० घ्या. एएम५मध्ये ए६२० हा तळाचा. बी६५० किंवा बी८५० हे बहुतेकांसाठी योग्य.

बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर चार गोष्टी बघा: रॅमचा प्रकार, एसएसडीचे एम.२ स्लॉट किती, मागे यूएसबी किती, वायफाय आहे का. वायफायवाला आणि बिनवायफायचा बोर्ड यांच्या नावात शेवटी एका शब्दाचाच फरक असतो, आणि कोटेशनमध्ये नेमका तो शब्द गळतो.

बायोसचा सापळा नवख्यांना हमखास गाठतो. बोर्डाचा स्टॉक जुना, प्रोसेसर नंतर आलेला. सॉकेट तेच, तरी मशीन सुरू होत नाही. बी६५०च्या जुन्या स्टॉकवर रायझन ९००० मालिका लावताना असं होतं. यावर दोन उपाय: दुकानातच बायोस अपडेट करून मागा, नाहीतर प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येईल असा, "बायोस फ्लॅशबॅक"ची सोय असलेला बोर्ड निवडा.

५. रॅम

२०२५च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतलं आणि घरगुती ग्राहकाच्या वाट्याला महागाई आली. त्यामुळे रॅमचा भाव जुन्या व्हिडिओंवरून धरू नका, ज्या दिवशी घ्यायची त्या दिवशी विचारा.

साध्या कामाला आणि बहुतेक गेमला १६ जीबी चालते; एडिटिंगला ३२ असावी. रॅमच्या एका स्टिकऐवजी (पट्टीऐवजी) दोन घेतल्या की ड्युअल चॅनेल, म्हणजे रॅमकडे जायला दोन मार्ग मिळतात. अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनमध्ये तर दोन स्टिक हव्यातच, कारण तिथे ग्राफिक्सला तीच रॅम वापरावी लागते. चारही स्लॉट भरायचा मोह डीडीआर५मध्ये टाळा, रॅमचा वेग खाली आणावा लागतो.

एएम५साठी ६००० वेगाची, सीएल३० टायमिंगची (रॅम किती पटकन प्रतिसाद देते त्याचा आकडा, लहान तितका चांगला) किट सर्वांत जमून जाते. त्याहून वरच्या आकड्यांना पैसे मोजू नका. आणि रॅम लावल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. नाहीतर ६०००चे पैसे देऊन ४८००वर चालवत राहाल.

६. ग्राफिक कार्ड

सर्वांत जास्त पैसे इथे जातात आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच होतो. नाव एक, कार्डं दोन: आरटीएक्स ५०६० टीआय हे ८ जीबीत आणि १६ जीबीत मिळतं, आरएक्स ९०६० एक्सटीचंही तसंच. बिलावर जीबी लिहून घ्या. १०८०पीवर ८ जीबी अजून भागवते. १४४०पीवर नवे गेम, थ्रीडी रेंडरिंग किंवा घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायचं असेल तर १६ जीबीच घ्या.

"४ जीबी ग्राफिक कार्ड" म्हणून जीटी ७३० अजूनही विकलं जातं. ते कार्ड २०१४चं आहे. नव्या रायझन ८६००जीमधलं अंगभूत ग्राफिक्स त्याच्या कितीतरी पुढे आहे. कार्डावरची मेमरी आणि कार्डाची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी.

सेकंडहँड बाजारात आरएक्स ५८० खूप फिरतं. त्यातलं "२०४८एसपी" लिहिलेलं म्हणजे प्रत्यक्षात आरएक्स ५७०च्या ताकदीचं कार्ड. ते कार्ड क्रिप्टोकरन्सीच्या मायनिंगमध्ये राबलेलं आहे का, हे बाहेरून ओळखता येत नाही. बिल आणि उरलेली वॉरंटी असेल तरच घ्या.

७. एसएसडी

पटकन सांगतो. एम.२ एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी), किमान ५१२ जीबी, शक्य असेल तर १ टीबी. जुन्या पद्धतीच्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकतो, जेन३ (तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई ३५००पर्यंत आणि जेन४ ७०००च्या पुढे जाते. रोजच्या कामात जेन४ आणि जेन५मधला फरक जाणवत नाही, म्हणून जेन५च्या मागे लागू नका. टीएलसी प्रकारची घ्या. मोठ्या फाइली सतत हलवणाऱ्याला दुसऱ्या, क्यूएलसी प्रकारची एसएसडी अर्ध्या वाटेत मंदावल्याचा त्रास होतो. फोटो-व्हिडिओच्या साठवणीला साधी हार्ड डिस्क आजही उत्तम. बॅकअप मात्र मशीनबाहेरच्या डिस्कवर ठेवा.

८. एसएमपीएस, अर्थिंग, युपीएस

हा भाग सावकाश वाचा.

प्रोसेसर कमी ताकदीचा निघाला तर काम हळू होईल. एसएमपीएस खराब निघाला तर जाताना मदरबोर्ड आणि कार्ड घेऊन जाऊ शकतो. तरीही कॅबिनेटसोबत फुकट येणारा, "४५० वॉट" असा स्टिकर लावलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा एसएमपीएस आपल्याकडे सर्रास बसवला जातो. असला एसएमपीएस ग्राफिक कार्ड असलेल्या मशीनला लावू नका.

वॉट मोजायची रीत अशी. रायझन ५ ७६०० पूर्ण भारावर ८८ वॉटपर्यंत घेतो, आरटीएक्स ५०६० साधारण १४५ वॉट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे ६०-७० धरा. झाले ३०० वॉट. यावर चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस आरामात पुरतो. "साहेब, ८५०चाच घ्या" याची गरज नाही. तेवढ्याच पैशांत ५५०चा पण वरच्या दर्जाचा मिळत असेल तर तो घ्या.

८० प्लस ब्राँझ, गोल्ड हे शिक्के कार्यक्षमता सांगतात. आतल्या संरक्षणाचा दर्जा त्यावरून पूर्ण कळत नाही. मी वॉरंटी बघतो. कंपनी स्वतः ५ ते १० वर्षांची वॉरंटी देत असेल तर तिला आपल्या मालाचा भरवसा आहे. जाणकारांचे त्या नेमक्या मॉडेलचे रिव्ह्यूही वाचा, कारण एकाच ब्रँडचे वेगवेगळे मॉडेल अगदी वेगळ्या दर्जाचे असतात.

मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) एसएमपीएस घेतलात तर त्याच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असते. १२ व्होल्ट चुकीच्या पिनवर गेले की डिस्क जळते, आणि त्यातला डेटाही जातो.

अर्थिंग. जुन्या चाळीत, वाड्यात, गावच्या घरात सॉकेटला तीन भोकं असतात आणि वरच्या भोकाच्या मागे वायरच जोडलेली नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर तीच खूण. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने मोजायला सांगा: फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यात अगदी दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. अर्थिंग नसेल तर आधी ती करून घ्या, मग मशीन आणा. थ्री-पिनचा वरचा पिन काढून टू-पिनमध्ये खोचणं हा जिवाशी खेळ आहे.

युपीएस घेताना व्हीए आणि वॉट यात गफलत होते. ६०० व्हीएचा साधा युपीएस सुमारे ३६० वॉटच देतो. वरच्या ३०० वॉटच्या मशीनला मॉनिटर जोडला की तो काठावर येतो. त्याला १००० ते ११०० व्हीएचा घ्या. आधुनिक एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असतं, आणि स्वस्त युपीएसच्या खडबडीत लहरींवर काही एसएमपीएस लाइट जाताच बंद पडतात. जिथे दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणाऱ्या) युपीएसचा जास्तीचा खर्च करावा, असं मी ठामपणे सांगेन. प्रिंटर, विशेषतः लेझर, युपीएसवर लावू नका.

९. कॅबिनेट आणि कूलर

पुढून पूर्ण काच असलेलं कॅबिनेट फोटोत छान दिसतं, पण विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो आणि एसीशिवायच्या खोलीत हवा आधीच तापलेली असते. पुढे जाळी, आत खेचणारे किमान दोन पंखे आणि मागे एक. जाळीला निघणारा डस्ट फिल्टर हवा, म्हणजे महिन्यातून एकदा झटकता येतो.

कॅबिनेटच्या माहितीत तीन मापं बघा: बोर्डाचा आकार, कार्डाची कमाल लांबी, कूलरची कमाल उंची. कार्ड तीन पंख्यांचं असेल तर लांबी आधी मिलिमीटरमध्ये तपासा.

कूलरचं सोपं आहे. १२४००एफ आणि ७६०० यांच्यासोबत येणारा कूलर चालतो. ७६००एक्ससोबत कूलर येत नाही, तो खर्च यादीत धरा. चांगला एअर कूलर बहुतेकांना पुरतो. पाण्याच्या कूलिंगवर घालायचे पैसे कार्डाला द्या.

कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी एक सूचना: खारी हवा पत्रा आणि कनेक्टर दोन्ही खाते. मशीन खिडकीजवळ ठेवू नका आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका.

१०. यादी ताडून बघा

पीसीपार्टपिकर या साइटची भारतीय आवृत्ती आहे. तिथे सगळे भाग भरले की सॉकेट, रॅम, कॅबिनेट यांचा मेळ बसतो का ते कळतं. तिथल्या भावांवर विसंबू नका, पण जुळणीसाठी ती उपयोगी आहे. मग प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल, दोन-तीन ठिकाणचा भाव आणि एक पर्याय, असा तक्ता कागदावर करा. पर्याय महत्त्वाचा. दुकानात "तो बोर्ड नाहीये, त्याच रेंजमधला देतो" असं ऐकायला मिळणारच. तेव्हा त्याच्या रेंजमधला नको, तुमच्या यादीतला दुसरा मागा.

११. दुकानात

लॅमिंग्टन रोड म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा. कामाच्या दिवशी, दुपारच्या आधी जा. पहिल्या फेरीत फक्त कोटेशन घ्या, तेही लिहून. प्रोसेसर आणि बोर्ड एकत्र घेतल्यास बऱ्याचदा भाव कमी होतो, म्हणून ते दोन एकाच दुकानातून. क्रेडिट कार्डावर काही दुकानं २ टक्के वर लावतात. घासाघीस करण्याआधीच विचारून घ्या.

"बिल नको असेल तर एवढे कमी" या बोलण्याला भुलू नका. वॉरंटी मागायला गेलात की पहिला प्रश्न बिलाचा असतो. प्रोसेसर बॉक्समधला, सीलबंद घ्या. "ट्रे" (खोक्याशिवाय सुटा) प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण बॉक्सवाली ३ वर्षांची कंपनी वॉरंटी त्याला नाही. खोक्यावर भारतातल्या अधिकृत वितरकाचा स्टिकर आहे का तेही पाहा, नाहीतर बाहेरून आणलेला माल सर्व्हिस सेंटर नाकारू शकतं.

पैसे देण्याआधी बोर्डाचं खोकं काउंटरवर उघडायला सांगा. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण उचला, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि पिनांच्या रांगांवरून नजर फिरवा. एलजीए १७०० आणि एएम५ दोन्हींत पिना बोर्डावर असतात, केसांएवढ्या बारीक. सगळ्या एकाच दिशेला झुकलेल्या, उजेडात एकसारख्या चमकताना दिसायला हव्यात. एखादी जागा काळी किंवा वेगळी चमकली तर तिथली पिन वाकलेली आहे. तो बोर्ड बदलून घ्या. घरी आल्यावर वाकलेली पिन दिसली तर ती तुम्हीच वाकवली असं धरलं जातं, आणि वॉरंटी गेली.

निघताना हातात काय हवं:

- जीएसटी बिल, तुमच्या नावाचं. व्यवसायासाठी असेल तर जीएसटी नंबरसह
- बिलावर प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर, खोक्याशी ताडलेला
- सगळी खोकी (फेकू नका, वॉरंटीला लागतात)
- वॉरंटी कोण देणार, दुकान की कंपनीचं सर्व्हिस सेंटर, आणि ते कुठे आहे याची नोंद

बिलाचा लगेच फोटो काढा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते.

१२. जोडणी आणि पहिली सुरुवात

लागणारी हत्यारं थोडी: नंबर २चा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्ट (कूलरला आधीच लावलेली नसेल तर), झिप टाय, आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह, ज्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून विंडोज ११ किंवा लिनक्स टाकून ठेवायचं.

जोडणीचे व्हिडिओ भरपूर आहेत, त्यामुळे फक्त ज्या जागी लोक अडतात तेवढं सांगतो. प्रोसेसर, रॅम, एसएसडी कॅबिनेटबाहेरच, बोर्डाच्या खोक्यावर ठेवून बसवा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढा. कॅबिनेटमध्ये बोर्डाच्या भोकांखाली जिथे पितळी खुंट्या हव्यात तिथेच ठेवा; जास्तीची खुंटी बोर्डाला मागून टेकून शॉर्ट करते. प्रोसेसरची ८ पिनची वायर ४+४ अशी फुटते आणि कार्डाची ६+२ अशी. दिसायला सारखी, पण एकीच्या जागी दुसरी जोराने बसवू नका. १६ पिनचा कनेक्टर असलेल्या कार्डात तो टोकापर्यंत, फट न राहता बसला पाहिजे. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाला, बोर्डाला नाही.

बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळीच? एएम५वर पहिल्यांदा सुरू करताना रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो) चालतं, त्याला काही मिनिटं लागू शकतात. दहा मिनिटं हात लावू नका. त्यानंतरही काही दिसलं नाही तर एकच स्टिक ठेवून पुन्हा बघा.

विंडोज बसल्यावर सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर आणि रॅमचा वेग, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास चालली आहे ते पाहा. नव्या एसएसडीवर शेकडो तास दिसले तर तीच एसएसडी बिल घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानात न्या. पहिल्या आठवड्यात मशीनला भरपूर राबवा: लांब रेंडर, जड गेम, तापमानावर लक्ष ठेवून. बिघाड असेल तर तो दुकानदार अजून सहज बदलून देतो अशा दिवसांतच बाहेर येऊ द्या. आणि ज्या कंपन्या ऑनलाइन नोंदणीवर वॉरंटी वाढवून देतात त्यांची मुदत खरेदीपासून मोजकेच दिवस असते, म्हणून ती नोंदणी त्याच आठवड्यात उरकून घ्या.